चोविसावं पान

हल शहरात, धक्क्याजवळच्या गोदामात
माझं काम सोपं आहे:
एकाच पुस्तकाच्या दोन प्रती निघाल्या
तर एक ठेवायची, एकीवर लाल ठिपका.
लंडनहून पत्र आलंय, जागा नाही.

आज खोका क्रमांक एकोणचाळीस.
लेइब रुबाशकिन, ऑसबोर्न स्ट्रीटवरचा पुस्तकवाला,
बाल्टिककडून येणाऱ्या खलाशांना तंबाखू द्यायचा
आणि बदल्यात छापील कागद घ्यायचा.
काहीही. वेळापत्रकं, पंचांगं, काडेपेटीची लेबलं.
खोक्याला अजून खारवलेल्या माशाचा वास आहे.

दोन बारकी पुस्तकं, मुलांची, चोवीस पानांची.
नाव एकच: पाव कुठून येतो.
साल एकच, एकोणीसशे बावीस.
एक मॉस्कोच्या मुख्य सरकारी प्रकाशनाचं,
दुसरं त्याच सरकारच्या सारातोव शाखेचं.
रशियन मी अक्षर अक्षर चाचपत वाचते,
वडील चिपळूणच्या छापखान्यात उलटे खिळे वाचायचे तशी.
ते म्हणायचे, मजकूर राहू दे, आधी कागद बघ;
छापणारा किती अडला होता ते कळतं.

मॉस्कोचा कागद कधीकाळी पांढरा असावा.
आता उलटायला गेलं की पापडासारखा मोडतो.
सारातोवचा निळसर, जाड.
केंद्राने कोटा अडवला तेव्हा कुणीतरी
साखर बांधायचे ताव उचलून आणले असणार.
चिंध्यांचा कागद. शंभर वर्षांनी
अजून बोटाखाली लुगड्यासारखा वळतो.

नांगर, पेरा, मळणी, गिरणी,
तेविसाव्या पानापर्यंत रेघेला रेघ जुळते.
चोविसाव्यावर
मॉस्कोत आगगाडी सुटते, पोत्यांनी भरलेली,
मुलं रुमाल हलवतात.

सारातोवात आगगाडी नाही.
एक टेबल, अर्धा पाव, एक मुलगी.
तिचं तोंड एवढं उघडलंय
की चित्रकाराला डोळे काढायला जागा उरली नाही.

त्या हिवाळ्यात व्होल्गाकाठी
लोक झाडाची साल दळत होते.

मागच्या वेष्टनात घडी केलेली दोन पत्रं,
रुबाशकिनच्या हाती कशी लागली देव जाणे.
केंद्र विचारतं: शेवटचं पान कुणाच्या परवानगीने बदललं?
सगळ्या प्रती लगद्याला पाठवा. कागद केंद्राचा आहे.
शाखा कळवते: आपलं शेवटचं पान वाटेत गहाळ झालं,
नाइलाजाने दुसरं काढलं.
प्रती उंदरांनी खाल्ल्या.
आमच्याकडे उंदीरही उपाशी आहेत, कॉम्रेड.
सही लागत नाही. मुद्दामच, बहुतेक.

संगणक विचारतो, डुप्लिकेट?
मी 'नाही' दाबते.
तो कारण मागतो, ऐंशी अक्षरांत.
लिहिते: चोविसावं पान वेगळं आहे.
अर्ध्या तासात लंडनचं उत्तर:
किती वेगळं?

बाहेर हंबरला ओहोटी लागलीय,
चिखलात एक होडी कुशीवर निजलीय.
मी दोन्ही पुस्तकं एकाच पेटीत ठेवते,
मध्ये पातळ कागद,
एकमेकांना घासू नयेत म्हणून.
ठिपक्यांची गुंडाळी खणात ढकलते
आणि लक्षात येतं,
सकाळपासून डबा उघडलेला नाही.