गुरुवार, रात्री आठ

इतवारीत, किराणा ओळीच्या मागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर आमचं टर्मिनल.
दिवस बुडाला तरी बाहेर त्रेचाळीस.
कूलरच्या एका बाजूच्या खसाला पाणी पोचत नाही,
ती बाजू कोरडाच वारा फेकते.

मी पडद्यासमोर बसून
लुइझियानातल्या मिठाच्या पोकळ्यांचा विचार करतो.
कधी पाहिल्या नाहीत.
जमिनीखाली मीठ धुऊन काढलेली दालनं,
त्यांत या दिवसांत गॅस भरून ठेवतात
कुणाच्या तरी जानेवारीसाठी.
दर गुरुवारी आकडा येतो, किती भरलं त्याचा,
आणि इथं इतवारीत
चहाचे ग्लास ओठाशी थांबतात.

पावणेआठला हेडाऊकाका जिना चढून येतात.
एकतीस वर्षं सक्करदऱ्याच्या एजन्सीत सिलिंडर वाहिले,
डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली.
एक मिनी लॉट. त्याहून जास्त कधी नाही.

"काय म्हणते तुयी अमेरिका?"
"अंदाज अठ्ठ्याण्णवचा आहे, काका. अब्ज घनफूट."
"कोनं मोजलं?"
"तज्ज्ञांनी."
"वाजवून पाह्यलं का कोनी?"

ते वाजवून बघत. अख्ख्या सक्करदऱ्याला ठाऊक आहे.
बोटाच्या पेरानं एकदाच, मधोमध,
मग मान जराशी तिरपी.
भरलेली टाकी बसक्या आवाजात बोलते,
रिकामी उगाच खणखणते.
बायका विचारायच्या, पाहुणे यायचेत, पुरंल का?
हे म्हणायचे, पोळ्या होतील,
पुरणाचं नका काढू.

आज त्यांनी माझ्या पडद्यावर पेर वाजवलं.
मी हसलो.
"बसका येते," म्हणाले. "इकून टाक."
"काका, तुमच्याकडे घेतलेलं काहीच नाही."
"नसलं तं काय झालं?
नसलेलं आधी इकता येते नं तुमच्यात?"

दोनशे एक्क्याऐंशीला विकलं.

आठ.
एकशे बारा.
भाव आधी दीड रुपया वर उडाला,
ठेच लागलेला माणूस उडतो तसा,
मग पडत गेला. दोनशे चौऱ्याहत्तर.
कोपऱ्यातले भट्टड, चार मोठे लॉट घेऊन बसलेले,
उठले आणि फोन कानाला लावून जिन्यात गेले.
पस्तीस हजार, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

इतकं भरलं, म्हणून इतकं पडलं.
या धंद्यात भरलेल्याला कोण विचारतो.
भाव येतो तो टंचाईच्या नुसत्या वासाला,
आणि या गॅसला तर मुळात वासही नसतो,
गळती कळावी म्हणून मागाहून घालतात.

"घेऊन टाक आता परत," काका म्हणाले.
साडेसतराशे, दलाली वजा.
आनंद झालाय असं काही दिसेना.
"तुम्हाला कसं कळलं पण?"

चहा बशीत ओतला, फुंकला.
"मले काय कळते बापा.
घरचं सिलिंडर होळीच्या आधी लावलं होतं.
काल वाजवलं, तं अर्ध्याच्या वर.
पह्यले दीड महिन्यात उडे.
मंग वाटलं, सगळीकडंच
भरून राह्यलं असंन."

मी काही बोललो नाही.
पंचफुलाकाकूंच्या तेरवीला मी गेलो होतो, माघात.
साठा पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त,
अहवालात एवढीच ओळ असते.

काका कठड्याला धरून उतरले, डावा खांदा भिंतीकडे.
कूलरचा पंप घरघरायला लागला, पाणी संपलं.
बादली घेऊन मी खाली गेलो
तर नळापाशी भट्टड अजून फोनवरच.
नोव्हेंबरात वर जाते, सांगत होते कुणाला तरी,
थंडी पडू द्या फक्त, थंडी पडू द्या,
आणि घामानं त्यांचा सदरा
पाठीला चिकटला होता.