खांबाखाली

तुटलेला चिमटा मला संध्याकाळी सापडला,
सामान मोजताना, जीपच्या मागच्या फळीखाली,
गोणपाटात गुंडाळून ठेवलेला.
अर्थिंगच्या रॉडचा.
म्हणजे दुपारी निकेश अकरा केव्हीच्या तारेवर
नुसत्या परमिटच्या कागदावर चढला होता.

काही झालं नाही.
हे वाक्य मी त्या रात्री किती वेळा म्हटलं
ते वाढोणा उपकेंद्रातल्या कुत्र्याला विचारा.
काही झालं नाही. तूर पिवळी उभी होती,
कुणाच्या विहिरीवरचा जनरेटर उलटा तारेत घुसला नाही,
कुणी चुकून फीडर चालू केला नाही.
काही झालं नाही, एवढंच झालं.

"काऊन नाई सांगतलं बे?"
पोरगं बुटाच्या लेसकडे पाहत होतं.
"सांगतलं असतं त बोंबलले असते तुमी."

बावीस वर्षं मला वाटायचं,
माझा आवाज म्हणजे आमच्या गँगचा सुरक्षापट्टा.
माझे उस्ताद पुंडलिक कोरांगे
चुकलं की पान्हा भिरकवायचे.
तो चुकवता चुकवता मी कामात पटाईत झालो
आणि लपवण्यातही.
वितळलेलं एक किटकॅट मी सहा महिने
जेवणाच्या डब्याखाली सांभाळलं होतं.
हे मात्र विसरून गेलो होतो साफ.

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं,
"आज काय नाई आपल्यापाशी?"
सगळं आहे, म्हणाले.
तिसऱ्या दिवशीही सगळं होतं.
चहा कसा आहे? मस्त.
चहात साखर नव्हती.

आठव्या दिवशी मीच म्हटलं,
"माही नजर नाई. खालून जंपर दिसत नाई मले.
दोन महिने झाले, अंदाजानंच 'बराबर' म्हणून राह्यलो."

आधी कुणीच हललं नाही.
मग शालिक मडावीनं हातमोजा काढला.
अंगठ्यापाशी भोक. त्यातून एक डोळा लावून
त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दिवाळीपासून."
प्रतीक्षा वासनिकचा पट्टा पुरुषाच्या मापाचा निघाला,
"हे शेवटचं भोक मीच पाडलं सर, खिळा तापवून."
आणि भोजराज, माझ्याहून चारच वर्षं लहान,
भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"मले रात्री चढाले भेव वाट्टे. आता नाई, पयलेपासून."

मी वहीत लिहीत गेलो.
हात थरथरत होता की नाही, सांगता येत नाही.
नजर नव्हती ना.

सुधारलो, असं म्हणत नाही.
परवाच नाल्याकाठच्या डीपीवर तोंडातून शिवी निघाली,
अर्धी गिळली, अर्धी शालिकला लागली.

वर असताना हातांना काम असतं.
खाली नुसते हात असतात.
पोरगं पान्हा उलटा लावतंय, हे दिसतं
(दिसतं, चष्मा केलाय)
आणि जीभ दाताखाली धरून मोजायचं,
एक, दोन, तीन.
चारला त्याचं त्याला कळतं.
कधी नऊला.
कधी कळतच नाही, मग सांगतो,
पण खांब ऐकणार नाही इतक्या हळू.

काल रात्री हरभऱ्याच्या ओलितासाठी
फोनवर फोन, लाइन कवा येते बापा,
थंडीनं दातावर दात.
मी खालून ओरडलो, "झालं असन त उतर, लाइन घेऊ."
वरून निकेश खेकसला,
"थांबा म्हणलं ना!"
माझ्यावर. अगदी माझ्याच आवाजात.

थांबलो.
बॅटरीचा झोत त्याच्या हातांवर धरून,
मान दुखेपर्यंत.