छाट

एप्रिल संपता संपता कॉलेज बंद झालं
आणि विडी घरकुलात
पत्रे वाजायला लागले उन्हानं.
बेचाळीस, त्रेचाळीस. मग लोकांनी आकडा सोडला,
नुसतं म्हणायचे, "आज लई हाय."

नरसम्मा येमूलच्या पडवीत
पाच मांड्यांवर पाच सुपं,
ओल्या पाल्याचा वास, तंबाखूचा ठसका.
मी लायब्ररीचं पुस्तक घेऊन मध्ये बसायचे,
कारण मला नीट वळता येत नाही
आणि रिकाम्या हातानं तिथं बसणं बरं दिसत नाही.
"चदुवु," नरसम्मा म्हणायची. वाच.
मी मराठीत वाचायचे,
ती शेजारणीला तेलुगूत सांगायची,
यल्लव्वा कानडीत हसायची.
कुठल्या वाक्याला, ते मला कधी कळलं नाही.

एक जाड कादंबरी होती.
तिच्यात बाई खिडकीशी बसून
तीन पानं विचार करते.
मला ती पानं फार आवडायची, हळू वाचली मी.
शमशादआपाची कात्री थांबली.
"ह्या तीन पानांत," ती म्हणाली,
"दूध कुणी तापवलं?"

कुणी हसलं नाही.
मी मागची पानं चाळली, पुढची चाळली.
एका ओळीत चहा आला होता.
आपोआप.

त्या संध्याकाळी दादाचा कप
मी खिडकीत तसाच राहू दिला.
भांडले नाही, बोललेही नाही काही.
दुसऱ्या दिवशी त्यात मुंग्या.
तिसऱ्या दिवशी आईनं उचलला,
माझ्याकडे न बघता धुतला
आणि पालथा घालताना जरा जोरात आपटला.
कुणावर, ते अजून ठरलेलं नाही.

दुपारी तीननंतर वाचायला आवाज उरायचा नाही.
मग त्या गायच्या,
माना खाली, बोटं चालू.
ताल धरायला पलीकडच्या गल्लीत माग होतेच,
टॉवेलावर टॉवेल, खटक खटक.

*वैशाखाचं ऊन माझ्या सुपात सांडलं,*
*वळता वळता बाई, त्याचं बंडल बांधलं.*

मी वहीत उतरवलं. विचारलं, खाली नाव कुणाचं घालू?
यल्लव्वा म्हणाली, "माज्या सासूचं गाणं हाय ते."
सासूचं नाव?
तिची बोटं थांबली.
"म्हातारीच म्हनायचो की वो आम्ही."
मग पाच जणी मिळून आठवायला लागल्या.
कुणाला तिची नथ आठवली, कुणाला खोकला,
कुणाला तिनं उसनी नेलेली आणि परत न दिलेली पळी.
नाव दोन दिवसांनी निघालं,
जुन्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर, अर्धं पुसलेलं:
निंगव्वा.
मी ते गाण्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं.
यल्लव्वाला वाचता येत नाही,
तरी तिनं वही दोनदा मागून घेतली.

शेवटी मीही धीर करून माझी कविता वाचली.
कारखान्यात चेकर विड्या बघतो तशी
त्यांनी ती बोटांत फिरवली.
"ही ओळ ढिली हाय."
"ह्यात तंबाकू कमी."
"चांदणं कशाला घातलीस? आपण तर झोपतो तवा."
आणि नरसम्मा, दोरा गुंडाळत,
"आमच्या छाटीचे पैसे कापतेत गं.
तुझे कोण कापतंय? काढ की."

काढलं.
अकरा ओळींच्या चार राहिल्या.
त्यातलीही एक निंगव्वाच्या चालीवर गेली होती,
ती मी तशीच ठेवली.

आता पहाटेचे तीन.
पाचव्या दिवशीचं पाणी यायचंय,
नळ नुसता हवा फेकतोय, फस्स फस्स,
आणि मी ओट्यावर वही ठेवून पाचवी ओळ शोधतेय.
आई विचारते, "काय लिवलालीस गं इतक्या रात्री?"
सांगणार, तेवढ्यात धार येते.
पेन कानामागं. हंडा, कळशी, बादल्या, पिंप.

मागं पावलं वाजतात.
दादा. झोपेतच. डोळे मिटलेले.
एक घागर उचलतो,
मोजून एक,
आणि अर्धी वाटेत सांडत आत नेतो.

ओली फरशी.
हिला काय म्हणायचं,
ते उद्या पडवीत विचारीन.