डावीकडे वळ

अकरा वर्षं आम्ही एकमेकांना ओळखत होतो
ते फक्त टंकलेल्या अक्षरांतून.
तिबिलिसीतल्या त्या तळघरात
नावाला चेहरा जुळवताना धांदल उडाली.
बोटींची वेळापत्रकं तोंडपाठ असलेली हेल्मी
जेमतेम माझ्या खांद्याएवढी निघाली,
आणि तिला पोहता येत नाही.

ओतारचा पत्ता नव्हता.
ज्यानं मला समरकंदच्या स्टेशनातून
मध्यरात्री मागच्या दारानं बाहेर काढलं, घरबसल्या,
तो स्वतःच्याच गावात रस्ता चुकला.
आला चाळीस मिनिटांनी, घामाघूम,
हातात उगाच एक कलिंगड.
आम्ही पोटभर हसलो.
मग कुणालाच काही सुचेना.

खिनकाली आल्या. थेट मोदकच,
फक्त आत गूळखोबरं नाही, मटणाचा कढत रस्सा.
"शेंडी खायची नसते," नानुलीबाईंनी दटावलं,
"ताटात ठेवा. किती हाणल्या ते कळतं."
हेल्मी बोलली, मी बोललो, वाइन बोलली.
ओतार शेंड्या एका रांगेत मांडत राहिला,
स्टेशनं लावावीत तशा.
पानंच्या पानं लिहिणारा माणूस
मीठसुद्धा बोटानं मागत होता.

बाहेर निरोप घेताना
मिठी की हात, ठरेना.
दोन्ही अर्धे अर्धे झाले.

वीस पावलं गेलो असेन, खिसा थरथरला:
"बेकरीपाशी डावीकडे वळ.
उजवीकडे कुत्रं आहे. चावत नाही,
पण तू घाबरतोस."

वळून पाहिलं.
तो तिथंच, दिव्याखाली, कलिंगड काखेत,
मान खाली घालून
अजून काहीतरी लिहीत होता.