पुरवणी

मी खाली सही करणार,
रेश्मा महादेव चौगुले, वय चौतीस, धंदा टायपिंग,
राहणार कसबा बावडा,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
अर्ज गेलेत.
तीन कॉलेजांना. फीच्या पावत्या कपाटात,
साडीच्या घडीत, जिथं कुणी बघत नाही.
गुण जुनेच लावले. एक्क्याऐंशी.
आणि परवा पुन्हा परीक्षेला बसले.

बेनाडीकर वकील म्हणाले, अगं,
दावा एकदा दाखल झाला की झाला.
मी म्हटलं, साहेब, दुरुस्तीचा अर्ज असतो की.
ते चष्मा पुसत राहिले.
चौदा वर्षं त्यांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला माझं टेबल.
सदर, सबब, वर नमूद केलेप्रमाणे,
ही बोटं झोपेतही आपटतात.
वाटण्या झालेली, गहाण पडलेली, नांदायला न नेलेली
किती माणसं माझ्या मार्जिनमधून गेली,
खाली सही दर वेळी दुसऱ्याची.

बाबा उद्यमनगरात मोल्डर होते.
रस ओतला की साच्याला हात लावायचा नाही,
श्वाससुद्धा लांबून घ्यायचा, म्हणायचे.
आता कान गेलेत त्यांचे.
परवा पहाटे मी चप्पल घालताना विचारलं, कुठं?
ओरडून सांगितलं, परीक्षेला!
झाली न्हवं?
झाली.
मग?
बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

सेंटर हायवेच्या पलीकडं. गेटवर
भाचीच्या वयाच्या पोरीनं माझ्या चमकीवर
पांढरी चिकटपट्टी लावली.
दोन तास मला माझंच नाक दिसत होतं.
स्क्रीनवर पाच जण एका बाकावर.
अ हा ब च्या डावीकडं, ड टोकाला नाही,
क ला इ शेजारी नको.
मागल्या वेळी इथंच अडकले होते,
कारण सगळी ओळखीची निघाली:
कोर्टाच्या व्हरांड्यातले सख्खे भाऊ,
मधे वकील बसल्याशिवाय
एका बाकड्यावर न टेकणारे.
या वेळी बसवले. एका दमात.
त्याच्या पुढचा मात्र सोडला. त्याच्या पुढचाही.

अर्जातली मी पुढं गेलीय.
फोटोत हसरी, इस्त्रीचा ड्रेस,
खाली लिहिलंय, लहानपणापासून न्यायाची ओढ.
(लहानपणापासून ओढ होती ती रंकाळ्यावरच्या भेळेची.)
कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी ढिगात
एक्क्याऐंशी घेऊन पडलीय ती,
आणि मी मागनं पळतीय,
डबा विसरलेल्या पोराची आई
केएमटीमागं पळते तशी,
ए, थांब, हे राहिलं,
हे राहिलं तुझं.

फोन केला तर कॉलेजातली बाई म्हणाली,
नवे गुण आले तर पाठवा,
बघतील का ते मला सांगता येणार नाही.
आवाज दमलेला होता. तिचं टेबलही
कुणाच्यातरी डाव्या अंगाला असणार.

येणेप्रमाणे वरील मजकूर
माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.
रात्री जेवताना बाबांनी काही विचारलं नाही.
भाकरी मोडून ताटाच्या कडेला ठेवली, निवायला,
आणि तिच्याकडं बघत बसले.
त्यांच्या 'मग?'चं उत्तर
देणे बाकी आहे.