हातचा एक

आधी खडू पडू लागला.
फळ्याच्या अगदी वरच्या ओळीत,
'पूर्णांक'चा रफार देता देता.
मुलं हसली. मीही हसले.
मग मी अर्ध्या फळ्याखालीच लिहायला घेतलं
आणि मागच्या बाकांवरचे माना उंचावू लागले.

सकाळी कचरागाडीत ओला डबा चढवताना
हात पांढरा. दोरीवर धुणं टाकताना पांढरा.
खाली आणला की मुंग्या, मग हळूहळू माझा.
गाडीवरचा बलराम म्हणाला,
"मॅडमजी, खून की कमी है, चुकंदर खाइए."
दोन महिने बीट खाल्लं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात,
मी तर फी भरून दाखवत हिंडले.
एकाने मानेला पट्टा दिला.
एक म्हणाला, चाळिशी आली की व्हायचंच.
नंदलालपुऱ्यातल्या वैद्यांचं तेल
उशीच्या अभ्र्याला लागलं, तेवढंच.
टिळकनगरच्या दवाखान्यात कंपाउंडरने रक्तदाब घेतला:
डाव्या हातात एकशे चोवीस,
उजव्यात अठ्ठ्याऐंशी.
"मशीन बिघडलंय," म्हणत त्याने डावा लिहून टाकला.
मी गणिताची बाई.
एकाच गणिताची दोन उत्तरं समोर,
आणि मी पदर सारखा करून घरी आले.

पौषात बोटांच्या टोकांवर काळे ठिपके उमटले,
तर्जनीवर दोन, मधल्या बोटावर एक,
चुकल्या जागी पडलेली दशांशचिन्हं.
पुसून जाईनात.

डॉक्टर तस्नीम राजकोटवाला.
फिकट निळा रिदा, कडेला पांढरी लेस.
माझं आडनाव वाचून मराठीतच म्हणाल्या,
"हात वर करा."
एकोणीस वर्षं हे वाक्य माझं होतं.
मी केला. उत्तर येणाऱ्या मुलीसारखा,
सरळ, कानाला चिकटवून.
त्यांचं बोट नाडीवर होतं
आणि नाडी
नव्हती.
"खाली." आली.
"वर." गेली.
"हं," म्हणाल्या, आणि दाराशी थांबलेल्या पेशंटला
उद्या यायला सांगितलं.

जुना एक्सरे त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला,
तीन वर्षं कपाटावर पडलेला.
"मोजा."
मानेच्या सातव्या मणक्यातून निघालेली,
करंगळीएवढी,
एक बरगडी जास्तीची.
तिच्यावरून वाकून जाणारी धमनी,
हात वर केला की चिमटणारी,
पुढे फुगलेली, फुग्यात रक्त गोठलेलं,
गुठळीचे कण सुटत सुटत बोटांपर्यंत पोचलेले.

पोरांवर रोज ओरडते,
हातचा डोक्यावर मांडून ठेवा, नाहीतर विसराल.
हा तर मांडलेला होता, हाडाने, जन्मापासून.
बेरजेत कुणी धरलाच नाही.

पाच तास लागले म्हणे.
ती बरगडी काढली, तिच्या खालची पहिलीसुद्धा.
धमनीचा खराब तुकडा कापून
तिथे मांडीतली शीर जोडली;
चालायचं सोडून ती आता खांद्यात राहते.
कोपरापाशी छोटा छेद, तिथून गुठळी ओढली.
शुद्धीवर येताना आधी ऊब आली,
वेदना बऱ्याच वेळाने.
मी डाव्या हाताने उजवा चाचपला.
मधल्या बोटाचं टोक तेवढं परतलं नाही;
खडू तिथे अजून कापसासारखा लागतो.
रक्त पातळ ठेवायची गोळी रात्री नऊला,
विसरले तर नवरा भांडं वाजवतो.

जूनमध्ये शाळा.
तारीख वरच्या ओळीत लिहिली, सावकाश.
रफार पुरा झाला.
"कुणाला येतं? हात वर."
एकेचाळीस मनगटं.
प्रश्न विसरून मी ती बघत राहिले.
शेवटच्या बाकावरची कृपाली
एका हाताने दुसऱ्याला टेकू देऊन उभी.
जवळ गेले. बोटं गरम होती, शाईने माखलेली.
"दुखतो का गं हात?"
"नाही बाई. विचारा ना कुणाला तरी,
कधीचा वर धरलाय."