सात नंबरच्या टेबलाचा दात

भाताची मुटकी यंत्र वळतं.
मी वर मासा ठेवते, दोन बोटांनी जरा दाबते
आणि बशी पट्ट्यावर सोडते.
एकोणीस वर्षं.

पट्टा भिंतीतल्या फटीतून बाहेर जातो,
सगळ्या टेबलांना शिवून चार मिनिटांनी
दुसऱ्या फटीतून माझ्याकडे येतो.
गिऱ्हाइकं मला दिसतात ती मनगटापासून पुढे.
चेहरा दाखवलात तर ओळखणार नाही,
हात दाखवा.

बुधवार होता. हाचिनोहेवर सकाळपासून बर्फ,
महामार्ग बंद, म्हणून दुकान भरलेलं.
तीन नंबरला ट्रक ड्रायव्हर, बांगड्यावर बांगडा.
पाचला एक जोडपं, भांडलेलं असणार,
दोघांच्या रिकाम्या बशांची चळत वेगवेगळी.
दहाला नारुमीबाई. कवळी रुमालात गुंडाळून
मऊ गोड अंडं तेवढं खातात,
चहाच्या नळाखाली कप धरताना त्यांचा हात थरथरतो.

आणि पिवळ्या बशीतून आलं ते.
आधी वाटलं, भाताचं शीत.
मग त्याच्या बुडाशी रक्ताचा ठिपका दिसला.

नियम असा: परत आलेलं सगळं बादलीत,
आणि मॅनेजर मात्सुहाशींना कळवायचं.
मी हातमोजा काढला. दात तळहातावर घेतला.
माशाच्या डोळ्याहून हलका.
तेवढ्यात फटीतून आवाज आला,
रडण्याचा नाही, त्याच्या अगदी आधीचा.

नंतर कळलं, माकुलाचा चिवट तुकडा चावताना पडला.
बाप म्हणाला, बशीत ठेव.
कुठल्या बशीत, ते सांगितलं नाही.
शिओरीनं समोरून चाललेल्या बशीत ठेवला.
सहा वर्षांची मुलगी, तिचं काय चुकलं?

मी कपाटातून सोनेरी बशी काढली,
ट्यूनाच्या पोटाच्या तुकड्यासाठी असते ती,
तिच्यात दात ठेवला, वर पारदर्शक झाकण,
आणि दिला सोडून.

मग मी कधी करत नाही ते केलं. वाकून फटीतून पाहिलं.
ड्रायव्हरचा हात बांगड्याकडे निघाला होता, हवेतच थांबला.
पाच नंबरची बाई फस्सकन हसली,
पुरुषाचं हसू जरा उशिरा आलं, पण आलं.
सातपाशी छोटा हात पुढे झाला, घाबरला,
आणि बशी निघून गेली.

दहाला नारुमीबाईंनी झाकणावर नुसता हात ठेवला,
दोन पावलं बशीबरोबर सरकला तो,
मग सुटला.

चार मिनिटं. एवढी लांब चार मिनिटं
मी या नोकरीत पाहिली नाहीत.
कुणी काही उचलत नव्हतं.
ट्यूना, कोळंबी, सगळं तसंच फिरून माझ्याकडे येत होतं
आणि मी ते तसंच पुढे ढकलत होते, नियम मोडून.
दुसऱ्या फेरीला ड्रायव्हरनं टेबलावर बोटं वाजवली.
आला, आला!
या वेळी हात चुकला नाही.

यंत्राला दात कळत नाही, बशी कळते.
सातच्या बिलात सहाशे येन लागले
आणि बापानं ते मुकाट भरले.
सोनेरी बशी मी निवडली होती.
पिवळी चालली असती.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बादली घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले तर
गाड्यांच्या रांगेत दोघं उभी. अख्खी माणसं, डोक्यापासून पायापर्यंत.
खालचा दात छपरावर टाकायचा,
म्हणजे नवा वर पाहत वाढतो.
आणि यांचं घर बंदराच्या चाळीत, पाच मजल्यांपैकी दुसऱ्यावर,
छप्पर कुठून आणणार?
बापानं तिला खांद्यावर घेतलं.
तिनं हात मागे नेला आणि आमच्या दुकानावर,
प्लास्टिकच्या त्या थोरल्या कोळंबीच्या दिशेनं, भिरकावला.

बर्फात पडला असणार. आवाज झाला नाही.
दोघं तरी वर बघत राहिली,
मीही, बादली हातात घेऊन,
आतून मात्सुहाशी ओरडेपर्यंत:
कुदोबाई, पाच नंबरला माकुल, दोन,
एकाच बशीत हवेत म्हणतायत.